उन्हाकडे तोंड केलेली खुर्ची

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात पांझरेच्या काठी फेऱ्या मारत होतो. त्याची मुलगी रडत रडत म्हणाली, "काका, नाना गेले... सकाळी चहा घेता घेता..." आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर "अगं, पण खुनी कोण?" पोरीला काय वाटलं असेल देव जाणे. पण नाना रहस्यकथा लिहायचा, आणि आदल्याच रविवारी त्यानं नवी कादंबरी अगदी शेवटाच्या उंबऱ्यावर आणून ठेवली होती. "उरलेलं पुढच्या रविवारी," म्हणाला होता. आता कसला पुढचा रविवार!

आमची ओळख जळगावची. स्टँडजवळ माझं पुस्तकं भाड्यानं द्यायचं दुकान होतं आणि नाना एसटीत कंट्रोलर. दिवसभर खिडकीत बसून "जामनेर, पहूर गाडी फलाटावर लागली आहे" असं ओरडायचा आणि संध्याकाळी घरी जाऊन माणसं मारायचा. तो काळच तसा होता. खिशात मावणाऱ्या रहस्यकथांवर लोक तुटून पडायचे. असोद्याची बस सुटेपर्यंत वाचू म्हणून घेतलेलं पुस्तक घेऊन माणूस घरी जायचा आणि परत आणायचा तेव्हा त्याला डाळीच्या फोडणीचा वास. हे चालायचं. पण काही महाभाग पहिल्याच पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवायचे, 'खुनी डॉक्टर आहे.' नाना त्यानं पिसाळायचा. "अरे, पुस्तक चोरा, पानं फाडा, पण हे काय!" म्हणत खोडरबर घेऊन दुकानात यायचा आणि स्टुलावर बसून एकेक खुनी पुसून टाकायचा. मी हसायचो. तसा स्वतःच्या पुस्तकांवर खोडरबर चालवणारा दुसरा लेखक मी तरी पाहिला नाही.

सुरुवातीला त्यानंही सगळ्यांसारखंच लिहिलं. मुंबईचं हॉटेल, हॅटवाला गुप्तहेर, काळी गाडी, समुद्रात फेकलेलं पिस्तूल. नानानं समुद्र तोपर्यंत पाहिलाही नव्हता. मग मीच एकदा चिडून म्हटलं, "तुझ्या त्या हॅटवाल्याला जळगावच्या उन्हात दोन तास उभा कर, भडभड सगळं कबूल करील." त्याला ते असं लागलं की पुढच्या पुस्तकात हॅट गेली, समुद्र गेला आणि खून झाला कापसाच्या जिनिंगमध्ये. चौकशी करणारा होता जामनेरच्या बाजारातला साधा हमाल. ते पुस्तक माझ्या दुकानात टिकलंच नाही, आलं की गेलं. नानाचं एकच सूत्र होतं, ते तो आमच्या अहिराणीत सांगायचा : "आपला गावमा बठ्ठा एकमेकले वळखतस. मंग खुनी परका कसा ऱ्हाई?" म्हणजे खुनी ओळखीतलाच हवा; ज्याच्या हातचा चहा वाचकानं दुसऱ्या प्रकरणात प्यायला, शेवटी हातकडी त्याच हाताला पडली पाहिजे. उगाच शेवटच्या पानावर कुठला तरी जुळा भाऊ आणणाऱ्या लेखकांना तो शिव्या घालायचा. पुढे टीव्ही आला, दुकानं बसली, माझंही बसलं आणि मी धुळ्याला मुलाकडे आलो. नाना लिहीतच राहिला. "मोबाईलनं माझे निम्मे खुनी बेकार केले रे," म्हणायचा. "कुठे होता विचारायच्या आधीच टॉवर चुगली करतो."

मी धुळ्याला आलो तरी त्याची कादंबरी सुरू असली की रविवारी जळगाव गाठायचंच. शेवटचं प्रकरण सोडून सगळं लिहून झालं की नाना मला ते वाचून दाखवायचा. जागा ठरलेली. तो भिंतीला टेकून आणि मी खिडकीकडे तोंड करून वेताच्या खुर्चीत. दुपार कललेली, ऊन थेट डोळ्यात. दरवेळी मी करवादायचो, "अरे, डोळ्यात ऊन येतंय!" दरवेळी तो म्हणायचा, "येऊ दे." एकदा मी खुर्ची सरकवली तर उठून तिला फरफटत पुन्हा जागेवर आणली. विक्षिप्तच माणूस, म्हणून मी सोडून दिलं. वाचन संपलं की खुनी कोण ते विचारायचा, "सांग, कोन शे?" मी नाव घ्यायचो. तो खूश होऊन म्हणायचा, "चूक!" इतक्या वर्षांत माझं एकदाही बरोबर आलं नाही. दुकानभर रहस्यकथा कोळून प्यायलेला माणूस मी, आणि मला खुनी ओळखता येईना! घरात नातवंडंसुद्धा चिडवायची.

शेवटच्या कादंबरीत केळीचा एक व्यापारी पिकवणीच्या बंद खोलीत मेलेला सापडतो. धाकटा भाऊ, मुनीम, ड्रायव्हर, मेव्हणी, डॉक्टर, सगळे तिथेच वावरणारे. मी म्हटलं, "मुनीम." नाना हसला, म्हणाला, "चूक." आणि वहिनींना चहा टाकायला सांगितलं. तेवढंच.

उत्तरकार्याला गेलो तेव्हा मांडवात बसवेना. आत जाऊन वहिनींना विचारलंच, "वहिनी, नाना काही बोलला होता का? खुनी कोण ते?" वहिनींनी आयुष्यात त्याचं एकही पुस्तक वाचलं नाही. खुनाचं नाव काढलं की कानावर हात. त्या म्हणाल्या, "भाऊ, त्यांना तरी कुठे माहीत असायचं?" "म्हणजे?" मी विचारलं. "तुम्ही गेलात की म्हणायचे, आज बघितलं. एकेकाचं नाव आलं की भाऊंच्या कपाळाला आठी पडते. एकाच्याच नावाला पडली नाही. तोच खुनी. मग लिहायला बसायचे... म्हणून तर तुम्हाला उजेडात बसवायचे ना."

मला आधी राग आला, असा राग की समोर असता तर गचांडीच धरली असती. लबाडा! म्हणजे मी चुकत नव्हतोच, मला बरोबर यायला जागाच नव्हती! आणि मग त्या घरात, एवढ्या पाहुण्यांत, मला रडू आवरेना. माझ्या कपाळाकडे इतकं निरखून माझ्या आईनंही कधी पाहिलं नसेल.

तेव्हापासून जिवाला चैन नाही. नानानं ही कादंबरी ज्यांना कबूल केली होती ते दिवाळी अंकाचे संपादक फोन करतात, "शेवट तुम्हीच लिहा." वहिनी म्हणतात, "त्यांचं अर्धवट ठेवू नका, भाऊ. त्यांना शेवटचं पान फाटलेलं पुस्तक सहन व्हायचं नाही." पण लिहू काय? मी कुणावर संशय घेतला नव्हता, ते आठवायला जातो. वाटतं, मेव्हणी. नाव मनात आलं की लगेच संशय येतोच, मग ती बाद. ड्रायव्हर? तोही गेला. डॉक्टर? पांझरेच्या काठी फेऱ्या मारतो, जेवता जेवता थांबतो. सून म्हणते, "आबा, भाजी बिघडली का?" आरशात पाहून एकेक नाव घेतलं, तर कपाळावर नुसत्याच आठ्या. स्वतःची आठी स्वतःला कशी दिसणार? त्यासाठी समोर नाना लागायचा.

परवाच्या रविवारी तडक जळगाव गाठलं. वहिनींना म्हटलं, "आज तुम्हाला ऐकावं लागेल." त्या नाही नाही म्हणत होत्या, मग म्हणाल्या, "त्यांच्यासाठी ऐकते." खोली तशीच. वेताची खुर्ची तशीच खिडकीकडे तोंड करून. मी जन्मात पहिल्यांदा भिंतीकडच्या त्याच्या जागी बसलो आणि तिथून बघतो तर समोरची खुर्ची उजेडानं भरलेली, वीण न् वीण दिसणारी. इथून मी त्याला एवढा दिसायचो... वहिनी अवघडून त्या खुर्चीत टेकल्या. मी वाचायला लागलो. भावाचं नाव आलं, त्यांच्या कपाळाला आठी पडली. मुनीम आला, पडली. मी ओळ वाचायचो आणि कपाळाकडे बघायचो. तिसऱ्या प्रकरणात वहिनींनी हात डोळ्यांवर धरला. "भाऊ, डोळ्यात ऊन येतंय हो."

"येऊ द्या," मी म्हणालो.

त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मग पदरानं डोळे पुसले, हात खाली घेतला आणि चेहरा उन्हात धरून म्हणाल्या, "वाचा पुढे."