दात झोपवणाऱ्या काकू

लहान मुलांच्या त्या दातांच्या दवाखान्यात तेवीस वर्षांत डॉक्टर बदलले, खुर्च्या बदलल्या, भिंतीवरच्या जिराफाला तीनदा नवा रंग लागला. बदलल्या नाहीत त्या फक्त मदतनीस काकू. मुलं त्यांना फुगेकाकू म्हणत. "दात झोपला ना, की ओठ फुग्याएवढा झालाय असं वाटतं. आरशात बघावं तर होता तेवढाच," हे काकू असं काही रंगवून सांगत, की रडत आलेलं पोर आरसा मागत आत शिरे.

तोंडाने जितक्या सैल, तितक्याच कामात काटेकोर. दात बधिर करायचं औषध किती सोसेल ते वजनावर ठरतं, म्हणून वजन आईला विचारायचं नाही. आया लाडाने दोन किलो चढवून सांगतात. पोराला स्वतः काट्यावर उभं करायचं. दुसरा नेम कापसाचा. सुईआधी मुलाला डोळे मिटायला लावायचे आणि ओला बोळा ओठाच्या एका टोकाला, मग दुसऱ्या टोकाला लावायचा. गार लागेल त्या बाजूचा हात वर. सुईनंतर पुन्हा तेच.

"नंतरचं समजलं. आधी कशाला?" नव्या डॉक्टरबाईंनी एकदा विचारलं होतं.

"आधी कसं होतं ते ठाऊक नसेल, तर नंतर काय बदललं ते कसं कळायचं?"

डॉक्टरबाईंनी घड्याळाकडे पाहिलं होतं आणि वाद सोडून दिला होता.

त्या सकाळी पाच वर्षांच्या दोन जुळ्या बहिणी आल्या. थोरली अकरा मिनिटांनी थोरली, पण रुबाब अकरा वर्षांचा. तिला पिवळा स्वेटर, धाकटीला हिरवा. आई सोडून बाकी जगाला त्यांना ओळखायची सोय तेवढीच. काट्यावर दोघी सोळा-सोळा किलो. दोघींची एकेक खालची दाढ किडलेली, थोरलीची उजवी, धाकटीची डावी. धाकटीने आईच्या गुडघ्याला अशी मिठी मारली होती की आईला चालताना तिला फरफटत न्यावं लागलं.

थोरली आधी बसली. हूं की चूं केलं नाही. दाढ भरून झाली, बधिर ओठ घेऊन ती ऐटीत बाहेर गेली. मग दोघी हात धुवायला म्हणून मोरीकडे पळाल्या. आईला ऑफिसचा फोन आला, ती जिन्यात गेली.

थोड्या वेळाने हिरवा स्वेटर एकटाच आत आला आणि खुर्चीवर चढून बसला. मिठी नाही, रड नाही.

"काकू, जादूच केलीत तुम्ही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कापूस राहू द्या आज. बाहेर तिघं खोळंबलेत."

काकूंना हे कौतुक गुळासारखं लागलं. क्षणभर वाटलं, खरंच राहू द्यावं. पण हाताला वळण पडलेलं. तो बोळ्याकडे गेलाच.

"मीट डोळे."

डाव्या टोकाला बोळा लावला, डावा हात वर झाला. उजव्या टोकाला लावला, काहीच नाही. पुन्हा लावला. पाण्याचा ओघळ हनुवटीवरून हिरव्या स्वेटरवर उतरला, पोरीला पत्ता नाही.

काकूंनी बोळा बाजूला ठेवला. चेहरा हसराच ठेवून त्या म्हणाल्या, "डॉक्टर, ते हातातलं खाली ठेवा. ही बाई आधीच झोपलेली आहे."

डॉक्टरबाईंनी सुई ट्रेमध्ये ठेवली. मनातल्या मनात आकडेमोड केली आणि स्टुलावर टेकल्या. "सोळा किलोला सोसेल त्यातलं बरंचसं मघाशीच दिलंय. आणखी तेवढंच गेलं असतं तर हद्द ओलांडली असती."

काकूंनी धाकटीचा स्वेटर घालून बसलेल्या थोरलीला विचारलं, "दुसऱ्यांदा कशाला गं बसलीस? फुगा एवढा आवडला?"

थोरलीने जड ओठ हलवून पाहिला आणि बोलायचं सोडून दिलं. उत्तर दाराआडून आलं. पिवळ्या स्वेटरातली धाकटी अर्धी आत, अर्धी बाहेर उभी होती. "तिला नाही आवडला. खूप टोचलं म्हणाली. म्हणून माझी सुईपण तीच घेणार होती."

तेवीस वर्षांच्या फुग्यातली हवा एका वाक्यात गेली, आणि काकूंना एकाच वेळी रडू आणि हसू फुटलं, जिंकलं हसू. डॉक्टरबाई आधी रागाने बघत राहिल्या, मग त्याही तोंडावर रुमाल धरून हलू लागल्या.

हसू ओसरल्यावर काकू धाकटीसमोर उकिडव्या बसल्या. "टोचतं. ताई खरं बोलली. पण तिने कितीही सुया घेतल्या तरी तुझा दात काही झोपणार नाही."

धाकटीने यावर बराच विचार केला. "किती वेळ टोचतं?"

"टोचतं थोडंच. मग औषध सावकाश सोडतात, घाई केली तर दुखतं. तू आकडे मोज."

"ताईने मोजले तर चालतील?"

"तेवढं ताईला करू दे."

फोन संपवून आई आत आली, तेव्हा दोघींनी स्वेटर उतरवून ठेवले होते. नक्की काय घडलं ते डॉक्टरबाईंनी तिला थोडक्यात सांगितलं. काकूंनी धाकटीच्या ओठाला दोन्हीकडे बोळा लावला. दोन्ही हात टुणकन वर झाले. मग सुई आली. धाकटीने बहिणीचं बोट पिरगाळलं, आणि थोरली अर्ध्या तोंडाने, लाळ गाळत, मोजू लागली. तिला आकडे वीसपर्यंतच यायचे. वीस झाले तरी डॉक्टरबाईंचा हात सावकाशच चालला होता, तेव्हा तिने पुन्हा एकपासून सुरुवात केली, आणि आता आईही मोजत होती, काकूही.