माहेरची वाटी

माझा उजवा हात दुखतो. मनगटापासून कोपरापर्यंत, आतून, तापलेली तार ओढावी तसा. आणि या हाताला काहीही झालेलं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मला त्या एवढ्या उशिरा कळल्या, की आता कळून तरी काय लोणचं घालायचंय!

मी डाय करतो. म्हणजे करत होतो. आमच्या घिवली-चिंचणीच्या बाजूला घराघरांत हे काम चालतं. पोलादाच्या ठोकळ्यात छिन्नीने उलटी नक्षी कोरायची. सोनाराने त्यावर सोन्याचा पत्रा ठोकला की नक्षी सुलटी उठते. डोळ्याला भिंग लावून सगळा जन्म मी ओटीवर खिडकीशी बसलो. कुठकुठल्या बायकांच्या गळ्यात माझी फुलं-पानं गेली असतील, देव जाणे. आमच्या घरात मात्र माझ्या डायवरचा एक मणीसुद्धा नव्हता.

पोरीचं लग्न ठरलं तेव्हा बायको म्हणाली, "जन्मभर दुसऱ्यांच्या पोरींचं केलं, आता आपल्या पोरीची वाटी तरी तुमी करा." मंगळसूत्राच्या दोन वाट्यांपैकी एक सासरची, एक माहेरची. मी व्याह्यांच्या समोर छाती पुढे काढून सांगून टाकलं, "माहेरची वाटी माझ्या डायवर उठेल." पोर लाजली आणि पाणी आणायला आत पळाली. तिला किती आनंद झाला होता, ते मला दिसलं होतं.

वाटीच्या काठावर वेल धरली होती. अर्धी झाली आणि हात पेटला.

आधी वाटलं, लचक असेल. तेल झालं, लेप झाला, पट्टा झाला. पालघरला जाऊन फोटो काढले, नसांत सुया टोचून बघितल्या. सगळं स्वच्छ. "काका, रिपोर्ट एकदम नॉर्मल," असं तिथल्या माणसाने पेढे वाटावेत तशा आवाजात सांगितलं. मी त्याच हाताने रिपोर्टची पिशवी धरली होती आणि कळ डोक्यात जात होती. परतताना रिक्षात तोंड बाहेर काढून रडलो. शेजारी बोईसरच्या कारखान्यातली दोन पोरं होती. "चाचा, तबियत ठीक नहीं?" एकाने विचारलं. काय सांगणार त्याला? तबियत नॉर्मल आहे, बाबा.

शेवटी बोईसरला एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, घाई केली नाही. म्हणाल्या, "हात धड आहे. पण दुखणं खरं आहे, तुम्ही सोंग करत नाही. कधीतरी भीतीने मेंदूने धोक्याची घंटा वाजवली आणि ती बंद करायचं तो विसरलाय. तुम्ही जेवढे त्या हाताच्या मागे लागाल, तेवढा त्याला धोका वाटेल. बरं व्हायचा खटाटोप जरा सोडा."

माझं डोकंच फिरलं. खटाटोप सोडा! बाई, केसाएवढी रेघ चुकली तर आम्ही ठोकळा घासून पुन्हा पहिल्यापासून बसतो. आणि लग्न काय तुमच्या मेंदूची वाट बघणार आहे? हे मी मनात म्हटलं. तोंडाने "हो मॅडम" म्हटलं आणि घरी येऊन सोडण्याच्या कामाला लागलो.

हो, कामालाच लागलो. पहाटे उठून डोळे मिटून श्वास. मग खांदे ढिले, मग बोटं ढिली, मग कपाळ ढिलं. एक जरी चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. बायको चहा घेऊन यायची आणि दारातच थांबायची. "श्वास घेताय की त्याच्याशी भांडताय?" मी खेकसायचो, "गप! ढिला होतोय ना मी!"

त्याच्याही पुढची माझी अक्कल ऐका. डाय कोरताना आम्ही मध्येमध्ये तिच्यात शिसं ठोकतो आणि ठसा काढून बघतो, नक्षी नीट उठते का ते. ती सवय हाडात मुरलेली. तसा मी हाताचा ठसा काढायला लागलो. श्वास झाला की छिन्नी धरायची, एक घाव घालायचा, बघायचं. दुखला? दुखला. दुपारी पुन्हा बघायचं. जेवताना घास उचलतानाही बघायचं. डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं तर त्या कपाळाला हात लावून हसल्या. म्हणाल्या, "काका, झोपलेल्या पोराला 'झोपलास का' म्हणून हलवून विचारता होय?" मलाही हसू आलं. घरी आलो आणि दार लावून घाव घालून बघितलाच. मला दुसरं येतच नव्हतं. न तपासता काम पुढे नेणं आमच्यात पाप आहे.

लग्न तोंडावर आलं. वेल अर्धीच. भावकीतला एक डायवाला म्हणाला, "आण इकडे, मी पुरी करतो." मी ठोकळा दिला नाही. आज वाटतं, द्यायला हवा होता. पोर एकदा ओटीवर येऊन बसली, माझा हात तिने मांडीवर घेतला आणि म्हणाली, "बाबा, राहू दे ना. तू बरा हो, तेवढं पुरे." ते "तेवढं" ऐकून मला मरून जावंसं वाटलं.

वाटी पालघरच्या दुकानातून आणली. चांगली होती. डाय कोणाची, तेही मी भिंग न लावता ओळखलं. लग्नात व्याही काही बोलले नाहीत आणि ते त्यांचं न बोलणं मला जेवणभर टोचलं.

पोर सासरी गेली. मी ठोकळा तेलाच्या फडक्यात गुंडाळून फळीवर टाकला. श्वास बंद, ढिलं होणं बंद. शहाणपण वगैरे काही आलेलं नव्हतं. पार विटलो होतो. दुख, म्हटलं, काय दुखायचं ते.

मग एके दिवशी बायकोने सुपात सुकवलेला जवळा घालून माझ्यापुढे ठेवला. त्यातला काडी-कचरा निवडायचा. मी तिच्याकडून नवापूरच्या बाजाराच्या, कोणाच्या तरी भांडणाच्या गोष्टी ऐकत निवडत बसलो. सूप रिकामं झालं तेव्हा ध्यानात आलं, हात दुखला नव्हता.

लोकांना वाटेल, मी आनंदाने उड्या मारल्या. मला संताप आला. आता? लग्न झालं, पोर गेली, आता गप्प बसलास, मेल्या? त्या हातावर डावा हात आपटून घेतला मी. बायको घाबरली. पुढे असे दिवस अधूनमधून यायला लागले. मी कोणाला बोललो नाही.

परवा पोर माहेरपणाला आली. मी जवळाच निवडत होतो. ती दारातच थांबली, माझी भराभर चालणारी बोटं बघितली आणि तिचा चेहरा असा फुलला! "बाबा! हात बरा झाला? मग माझी डाय पुरी कर ना. ही दुकानातली वाटी बदलून टाकू."

तिचं वाक्य संपायच्या आत तार मनगटापासून कोपरापर्यंत ओढली गेली.

"करतो" हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. तो शब्द मी जन्मभर सगळ्यांना देत आलोय. ती वाट बघत होती. तिच्या गळ्यात ती दुकानातली वाटी होती.

"नाय करणार," मी म्हणालो. "आता कधीच नाय होणार माझ्याच्यान, पोरी."

तिला ते लागलं. मला दिसलं की लागलं. पिशवी खाली ठेवून ती माझ्या शेजारी बसली, मूठभर जवळा आपल्यापुढे ओढला आणि निवडायला लागली. वाकली की वाटी पुढे लोंबायची. मीही निवडत राहिलो. हात दुखतच होता.