डावीकडचं मागचं दार

आमच्या गाडीचं डावीकडचं मागचं दार मी दुरुस्त केलं आणि त्यानंतर आठ दिवस आमच्या घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही.

गाडी म्हणजे आप्पांची, माझ्या वडिलांची, कॉन्टेसा. तीस वर्षांपूर्वी एका साली शेवंतीला चांगला भाव मिळाला आणि आप्पांनी ती जुन्यातून घेतली. पांढरी, लांबलचक. बॉनेटच एवढं लांब, की गावच्या वळणावर आधी गाडी दिसायची आणि मग बऱ्याच वेळानं आप्पा दिसायचे. गावानं तिला 'लांबडी' नाव ठेवलं. नऊ वर्षांपूर्वी ती बंद पडली आणि गोठ्याच्या कडेला उभी राहिली ती राहिलीच. कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालायला लागल्या. (पाहुणे आले की आई मला "गाडीतनं चार अंडी आण" म्हणायची आणि पाहुणे माझ्याकडं बघत राहायचे.)

गाडी थांबली तसं आईचं माहेरी जाणंही थांबलं. तिचं माहेर दौंडच्या अलीकडं, भीमेच्या काठी. आमचं गाव शिरूरहून न्हावऱ्याकडं जाताना लागतं, म्हणजे काही सातासमुद्रापार जायचं नव्हतं. एसटी होती, माझी स्वतःची छोटी गाडी होती. पण निघायची वेळ आली की आईचा गुडघा दुखायचा, नाहीतर म्हैस व्यायला झालेली असायची. एकदा मी फारच मागं लागलो, तेव्हा ती म्हणाली, "जाईन तर लांबडीतनंच जाईन. न्हाईतर हाय हितं बरी हाय मी."

मला वाटलं, म्हातारीला मिरवायची हौस आहे. दिवाळीत मामाचा फोन आला, की नातीचं लग्न माघात धरलंय. तेव्हा मी मनाशी पक्कं केलं: हिवाळाभर खपायचं, लांबडी नवीकोरी करायची आणि आईला तिच्यातून माहेरच्या दारात उतरवायचं. आप्पांना सांगितलं, तर ते एवढंच म्हणाले, की कर, पण फार काही करू नको.

फार काही न करणं मला जमत नाही. मी रांजणगावला एका कंपनीत क्वालिटीला आहे. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, असं ते काम आहे. (सुरेखा, माझी बायको, म्हणते की घरी हेच काम मी फुकट करतो.) आम्हाला कंपनीत शिकवलंय, की कुठलाही दोष दिसला की पाच वेळा 'का' विचारायचं, म्हणजे मूळ कारण सापडतं. आणि प्रत्येक दोषाला एक लाल कार्ड अडकवायचं. मी एका सकाळी गाडीला सत्तेचाळीस लाल कार्डं अडकवली. आईला वाटलं दृष्ट लागू नये म्हणून काहीतरी चाललंय. तिनं समोर लिंबू-मिरची बांधली.

माझी दुसरी पाळी असल्यामुळं सकाळ मोकळी मिळायची. पाबळला वेल्डिंग शिकलेला शिवा मिस्त्री यायचा, गोठ्यापाशी शेकोटी करायचा आणि आम्ही दोघं हात शेकून लांबडीला लागायचो. इंजिन उतरवलं. खालचा गंजका पत्रा कापून नवा लावला. आता एवढं करतोयच तर, म्हणून पॉवर स्टीअरिंग बसवलं. पॉवर स्टीअरिंग बसवलंच आहे तर, म्हणून एसी बसवला. मागं कॅमेरा लावला, तो रिव्हर्स टाकला की म्हशीचं तोंड दाखवायचा.

आप्पा रोज धोतराचा सोगा सावरत येत, शेकोटीपाशी बसत आणि जे काही खोलू त्याच्याकडं बोट करून म्हणत, की हे कशाला, चालतंय की. इंजिन चालतंय की. (ते नऊ वर्षं चाललं नव्हतं.) पत्रा चालतोय की. सत्तेचाळीस कार्डांवर त्यांनी सत्तेचाळीस वेळा हेच सांगितलं. त्यामुळं डावीकडच्या मागच्या दाराशी आम्ही पोचलो आणि ते म्हणाले, "त्या दाराला ऱ्हाऊ दे," तेव्हा मी नेहमीसारखी मान हलवली आणि पाना उचलला. आता आठवतं, की बाकीच्या वस्तूंसाठी ते एकेकदाच बोलले होते. दारासाठी तीनदा आले.

या दाराचा दोष जुना होता. ते आतून उघडत नसे. बाहेरून मात्र व्यवस्थित उघडायचं. आई कायम तिथंच बसायची, कारण त्या काळी आमच्याकडं बायको नवऱ्याशेजारी पुढं बसत नसे; पुढं आजोबा नाहीतर डबे. उजव्या दारानं उतरायचं तर मधल्या पोरांवरून आणि पिशव्यांवरून सरकत जावं लागायचं. म्हणून कुठंही गेलो, की आप्पा गाडी बंद करत, उतरत, टोपी नीट करत, त्या लांबलचक बॉनेटला पूर्ण वळसा घालून येत आणि आईचं दार उघडत. मग आई उतरे. आम्ही पोरं कधी आधी उतरून दाराला हात घालायला गेलो, तर ती काचेतून मान हलवायची. "थांबा. तुमचे आप्पा येतेत."

शिवानं दाराचं आतलं पॅनल काढलं. आतल्या मुठीपासून दाराच्या खटक्यापर्यंत जी सळी जाते, ती तिथं जोडलेली नव्हती. पण होती तिथंच. खडखडू नये म्हणून कापडात गुंडाळून, पातळ तारेनं पत्र्याला नीट बांधलेली. कापड पांढरं, त्याला बारीक हिरवा काठ.

शिवा म्हणाला, "सायेब, ही मोडलेली न्हाई. कुणीतरी काढून ठिवलीय."

मी म्हणालो, असेल कुणीतरी अर्धवट मिस्त्री. सळी जोडली, नवी स्प्रिंग टाकली, वंगण दिलं. दार असं झालं, की मुठीला करंगळी लागली तरी उघडावं. दोन हातांवर आप्पा बसले होते आणि त्यांच्या धोतराला बारीक हिरवा काठ होता. ज्या माणसाला पाच वेळा 'का' विचारायचा पगार मिळतो, त्यानं एकदाही विचारलं नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी निघालो. लांबडी अशी चकाकत होती, की कोंबड्यांनी तिला ओळखलं नाही. आई नवी इरकल नेसून आपल्या जागी बसली. मी म्हणालो, एसी लावू का? ती म्हणाली, थंडीच्या दिवसांत थंडी कशाला लावतोस. सुरेखा तिच्या शेजारी, मी चालवायला, आप्पा पुढं. चौफुल्याला चहा झाला (आईनं गाडीतच घेतला) आणि आप्पा उजव्या बाजूला येऊन उभे राहिले. मी किल्ली दिली. शहात्तर वर्षांचा माणूस, पण चाकावर हात ठेवल्यावर त्यांचा चेहराच बदलला. मागं वळून बघितलं तर आईचाही बदलला होता. मला माझ्या कामाचा फार अभिमान वाटला.

मामाच्या दारात मांडव पडला होता. लांबडी आली म्हणताच सगळ्या बायका ओट्यावर आल्या. त्यात आईच्या वयाच्या तिच्या दोन-तीन मैत्रिणी होत्या. त्या पुढं येऊन उभ्या राहिल्या, अगदी काहीतरी बघायला आल्यासारख्या. जमिनीवर भलीमोठी रांगोळी होती, मध्ये गुलाबी कमळ. आप्पांनी गाडी बरोबर तिच्या कडेला लावली. उतरले. टोपी नीट केली. बॉनेटला वळसा घालायला लागले.

आत आई पदर सावरत होती. पदर सावरताना आधाराला ती दाराची मूठ धरायची. ही तिची तीस वर्षांची सवय, कारण ती मूठ कधी काही करत नसे. आप्पा दाराशी पोचले, कडीला हात लावायला वाकले, आणि तेवढ्यात मूठ वळली. दार सुटलं ते थेट आप्पांच्या गुडघ्यावर. आप्पा मागं गेले आणि कमळात बसले. दाराला रेललेली आई दाराबरोबर बाहेर आली, पण पाय जमिनीला लागले आणि ती सरळ उभी राहिली. एकटी, स्वतःची स्वतः, आयुष्यात पहिल्यांदा त्या दारातून.

सगळा मांडव हसला. कुणीतरी म्हणालं, "आक्का, पाव्हण्यांना पार लोळवलं की." मामा धावला, टोपी उचलली. आणि त्या क्षणी मी काय म्हणावं? मी मोठ्यानं म्हणालो, "बघितलंत? आता आतनं बी उघडतंय!"

आप्पा उठले आणि मांडवात जाऊन बसले. लग्न उरकेपर्यंत दोन्ही दिवस ते कमळ त्यांच्या धोतरावर, मागच्या बाजूला, तसंच होतं. (दुसरं धोतर आणायचं माझ्याकडं होतं. मी त्याऐवजी टायरमध्ये हवा भरायचा पंप घेतला होता.) आईच्या मैत्रिणी तिच्याभोवती बसल्या, तेव्हा ती मांडवात बसलेल्या आप्पांकडं बघत होती. परतीच्या वाटेवर आप्पांनी किल्ली मागितली नाही. घरी पोचल्यावर आई स्वतः दार उघडून उतरली आणि आत गेली. आप्पा उतरून दोन पावलं बॉनेटकडं गेले होते. ते तिथूनच गोठ्याकडं वळले.

मग ते आठ दिवस. आप्पा पूर्वी रोज सकाळी फडकं घेऊन लांबडी पुसायचे. आता त्यांनी तिच्यावर ताडपत्री टाकली. आई ताट वाढायची, आप्पा जेवायचे, मध्ये एक शब्द नाही. मला वाटलं गुडघा दुखावला, मी मलम आणलं. आठव्या दिवशी आप्पा म्हणाले, "इकून टाक ती गाडी. आता काय काम हाय तिचं?"

मी घाबरलो. स्वयंपाकघरात आईकडं गेलो. ती भाकरी थापत होती. तिनं वर न बघता विचारलं, की ते दार तूच नीट केलंस ना. मी हो म्हणालो. सळी कुणीतरी काढून ठेवली होती, असंही सांगितलं.

"कुणीतरी न्हाई," आई म्हणाली. "ह्यांनीच. गाडी घेतली त्या साली मूठ खरंच आडकली व्हती. म्हायेरी गेलो तवा ह्यांनी येऊन दार उघडलं. माझ्या मैत्रिणींनी बघितलं. नंतर मिस्त्रीनं मूठ नीट केली, पर पंधरा दिवसांत ती परत बिघडली."

"तुला माहीत होतं?"

"मला कळंना व्हय? धोतराची चिंधी फाडलेली दिसली न्हाई का मला धुताना?"

मी विचारलं, की मग एवढी वर्षं बोलली का नाहीस.

आईनं भाकरी तव्यावर टाकली. "बोलले असते तर उघडलं असतं व्हय त्यांनी? गावात बाईसाठी दार उघडणारा गडी कवा बघितलास का तू? बायकूचा बैल म्हणले असते लोक. मोडक्या दाराला कोण काय म्हणतंय?"

मला रडू आलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. तीस वर्षं दोन माणसांनी एकमेकांना न सांगता एक दार बिघडलेलं ठेवलं होतं, आणि मी ते लाल कार्ड लावून दुरुस्त केलं.

दुसऱ्या सकाळी शिवाला बोलावलं. दार परत बिघडवायचं आहे म्हटल्यावर त्यानं आधी माझ्याकडं आणि मग सुरेखाकडं बघितलं. सळी काढली, कापडात गुंडाळली, तारेनं बांधली. कापड तेच, जुनं. मी ते पुसायला म्हणून ठेवून दिलं होतं.

रविवारी आईला शिरूरच्या बाजारात जायचं होतं. आप्पा नाही-होय करत चाकावर बसले, मी त्यांच्या शेजारी. बाजाराशी गाडी थांबली. आई हलली नाही, मूठ धरून तशीच बसून राहिली. आप्पांनी आरशातून एकदा मागं बघितलं. मग उतरले, टोपी नीट केली, गुडघ्यामुळं जरा लंगडत बॉनेटला वळसा घालून आले आणि दार उघडलं. आई उतरली. दोन भाजीवाल्या बघत होत्या.

आप्पा मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाले, "दार परत बिघडलं वाटतं."

"जुनी गाडी हाय, आप्पा," मी म्हणालो.

"तरी तुला म्हणलं व्हतं, त्याला हात लावू नको."

त्यांचं हे सगळं बघून मलाही वाटलं, की आपण सुरेखासाठी आजवर काय केलं? पुढच्याच आठवड्यात कारेगावला एका मित्राच्या घराची वास्तुशांत होती, जेवण तिथल्या हॉलवर. माझ्या छोट्या गाडीच्या पुढच्या सीटवर मी मुद्दाम हवेचा पंप आणि हत्यारांची पेटी ठेवली, म्हणजे सुरेखाला मागं बसावं लागेल. डावीकडच्या मागच्या दाराचा, आतून दार उघडू न देणारा, चाइल्ड लॉक गुपचूप लावून टाकला. हॉलच्या दारात गाडी थांबवली. उतरलो. शर्ट नीट केला. बॉनेटला वळसा घालून आलो (आमचं बॉनेट फार लांब नाही, म्हणून सावकाश आलो), जरा वाकलो आणि अदबीनं दार उघडलं.

सीट रिकामी होती. सुरेखा उजव्या दारानं केव्हाच उतरून आत गेली होती. मी तसाच दार धरून वाकून उभा. हॉलचा वॉचमन जवळ आला.

"मॅडम गेल्या की आत. गाडी मागं लावा. डायवर लोकांची पंगत बी तिकडंच हाय."

मी गाडी मागं लावली. जेवलोही तिकडंच. बाकी काही म्हणा, तिकडचे वाढपी आग्रह चांगला करत होते.