धानोऱ्याहून आलेला साडू

आधीच सांगून टाकतो... भूत, चकवा, करणी यातलं मी काहीही मानत नाही. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या घरात वाढलो. आमच्याकडे लिंबू आलं तर ते सरबतालाच. इथले अनुभव वाचून मी आजवर मनसोक्त हसलोय, दोन-तीन ठिकाणी खवचट कमेंटही टाकल्यात. ज्यांना टाकल्या त्यांनी माफ करावं. आता माझी पाळी.

ठिकाण गडचिरोली. बायको गेल्यावर मी चंद्रपूरहून इथे बदली मागून घेतली. लोक गडचिरोली रद्द करायला मुंबईपर्यंत धावतात आणि हा माणूस अर्ज करून मागतोय म्हटल्यावर साहेबांनी मला खुर्चीत बसवून आधी पाणी पाजलं होतं. मुलगा पुण्याला, त्याचा फोन रविवारी. क्वार्टरमध्ये मी आणि टीव्ही.

समोरच एका शाळेचं सभागृह आहे. मागच्या मार्चमध्ये तिथून रोज संध्याकाळी तबला आणि चाळीस पोरांचा गोंधळ ऐकू यायला लागला. तिसऱ्या दिवशी प्यायला पाणी मागायच्या निमित्तानं मी आत शिरलो. माझ्या घरी नळाला पाणी होतं.

आत बॅले बसत होता. होय, गडचिरोलीत. वैशाली मॅडम म्हणून नृत्याच्या शिक्षिका आहेत, त्यांची हौस. जंगल सोडून गेलेली एक चिमणी, आणि तिला शोधायला निघालेली झाडं... अशी गोष्ट. पडद्यामागचं सगळं काम पालकांचं. आया पंख शिवत होत्या, बाप रंग कालवत होते, दुसऱ्या दिवसापासून त्यांच्यात मीही. "बोलतच नाई कोणी, मंग समजते कसं?" असं एक आजोबा रोज विचारायचे आणि रोज शेवटपर्यंत बसायचे.

झाडं बांधली होती पेंदामभाऊंनी. जंगलाकडच्या गावचे, बांबूच्या कामात हात धरणारं कोणी नाही. त्यांची नऊ वर्षांची रोशनी म्हणजे ती चिमणी. नाटकातलं झाड पुठ्ठ्याचं असतं हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. रोज खरी झाडं बघणाऱ्या माणसानं खऱ्या मापाची झाडं बांधली. त्यातलं मोहाचं तर असं भक्कम की शेवटी रोशनी चढून त्याच्या दोन फांद्यांमधल्या दुबेळक्यात बसणार होती. बाहेरून गोणपाट, आत मधोमध बांबूची ताटी. ताटीच्या दोन बाजूंना दोघांनी उभं राहायचं, झाड उचलून चालायचं. एकमेकांचं तोंड दिसत नाही. ताटीवर एक ठोका म्हणजे उचला, दोन ठोके म्हणजे थांबा.

मॅडमचा नियम होता, एका घराला एक झाड. नवरा-बायकोला एकमेकांची चाल ठाऊक असते, म्हणून. यादी करत त्या माझ्यापाशी आल्या.

"मेश्रामभाऊ, तुमच्यासंग कोण?"

एकटा आहे म्हटलं असतं तर मला बाहेर पाण्याच्या ड्रमवर बसवलं असतं. प्रेमानं बसवलं असतं, तेच नको होतं. तोंडातून निघून गेलं, "माझा साडू. धानोऱ्याचा. शालिकभाऊ."

मला साडू नाही. बायकोला बहीणच नव्हती.

आणि मग, काय सांगू... मला चव लागली. साडू न येण्याचं रोज नवं कारण. आज बस चुकली, आज शालिकभाऊंच्या घरात घोरपड शिरली. माणूस कसा? तर समोरचा दात पडलेला, पायात चप्पल घालायचा कंटाळा, चहात साखर तीन चमचे. बाया शिवता शिवता विचारायच्या, "आज काय केलं हो तुमच्या साडूनं?" घरी जाऊन मी उद्याची गोष्ट रचायचो. तीन वर्षांत पहिल्यांदा मला संध्याकाळी काम होतं. सरावाला दुसरी बाजू पेंदामभाऊ धरायचे. "तुमचे साडू येईतोवर मी हाय. पन खेळाच्या दिवशी मले माहं झाड हाय बरं, बायको सोडन नाई मले."

खेळ एप्रिलच्या शेवटी, संध्याकाळी पाच वाजता. आदल्या दिवशी रोशनी दुबेळक्यात बसून वरून म्हणाली, "काका, शालिककाका मजबूत हायेत ना? मी पडणार नाई ना?"

त्या प्रश्नानं माझी सगळी मजा संपली. रोशनी वर असताना झाड एका माणसाला पेलणारच नव्हतं. ती दहा फुटांवरून पडली असती.

खेळाच्या सकाळी दात घासताना शेवटचं कारण सुचलं, मोह वेचताना डाव्या पायात काटा गेला, म्हणून साडू येत नाही. तेही सोडून दिलं. ठरवलं, सरळ कबूल करायचं. हसतील, हसू देत. झाडाला दुसरी दोन माणसं मिळतील आणि मी घरी जाऊन टीव्ही लावीन. काट्याची गोष्ट मी कोणालाही सांगितली नाही. सकाळपासून मी कोणाशी बोललोच नव्हतो.

पावणेपाचला मॅडमना गाठलं. तोंडात टाचण्या धरून त्या एका हरणाची शेपटी लावत होत्या.

"मॅडम, ते शालिकभाऊंचं—"

"आले ना ते," त्या टाचण्यांच्या फटीतून म्हणाल्या. "चहा पेले, झाडाकडे गेले. लंगडून राह्यले बिचारे. मोह वेचताना काटा गेला म्हणे, डाव्या पायात."

कोणीतरी माझं खोटं ओळखून मायेनं मदतीला माणूस पाठवला असेल, हे मला पटलं असतं. पण काटा?

तेवढ्यात घंटा झाली, गोणपाट उचलून मी माझ्या बाजूला शिरलो. आत अंधार, चुन्याचा आणि ओल्या बांबूचा वास. ताटीच्या पलीकडे कोणीतरी श्वास घेत होतं. मी हळूच विचारलं, "कोण आहे?"

ताटीवर एक ठोका.

उचललं. इतकं हलकं ते झाड कधीच झालं नव्हतं. आम्ही चालायला लागलो आणि दर दुसऱ्या पावलाला झाड किंचित एका बाजूला झुकत होतं, लंगडणाऱ्या माणसाबरोबर चालताना व्हावं तसं. न बोलता आमची पावलं जुळली. चाळीस पावलं. मग रोशनी चढली. ती वर बसल्यावर साधारण चार मिनिटं तबला चालतो, तेवढा वेळ झाड दोघांनी तोलून धरायचं. मधेच घामानं माझी पकड सुटायला आली... पलीकडून शांतपणे दोन ठोके आले. थांबा. मी पकड आवळून तसाच उभा राहिलो. रोशनी उतरली, टाळ्या पडल्या, पडदा पडला.

मी धावत पलीकडच्या बाजूला गेलो. गोणपाट बाजूला सारलेलं, आत कोणी नाही. पेंदामभाऊ दोर गुंडाळत होते. "आत्ताच तर गेले, बस पकडाची हाय म्हणे. मानूस लय गंमतीचा हो. तुम्ही सांगतल्यापरीस जास्तच."

पुढचा आठवडाभर मी एकेकाला आडून विचारलं. प्रत्येक बाप आपापल्या झाडात होता, आपल्या बायकोसोबत. शालिकभाऊंना चौघा-पाचांनी पाहिलं, दोघांनी हात मिळवला. मॅडमच्या मोबाइलमध्ये व्हिडिओ आहे. झाडांचं गोणपाट जमिनीपासून वीतभर वर होतं, खाली पाय दिसतात. मोहाच्या झाडाखाली चार पाय आहेत. दोन माझ्या सँडलमधले. दोन अनवाणी, डाव्याला फडकं बांधलेलं. मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला ते सांगत नाही.

तर्क मला येतात, आजवरची नोकरी त्याच्यावरच काढली मी. एकही बसत नाही. कोणाला बसवता आला तर जरूर लिहा... फार घाई करू नका मात्र.

परवा मॅडमचा फोन आला. यंदा नवा बॅले आहे, झाडं तीच. "मोह तुमच्या दोघांकडेच लिहून राह्यली मी. शालिकभाऊ येतीन ना?"

विचारून सांगतो म्हणालो. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभं राहून मोठ्यानं विचारलं, "काय शालिकभाऊ, यंदा जमन का?"

फ्रिज घुरघुरत होता. मी बऱ्यापैकी वेळ थांबलो. मग मॅडमना फोन लावला आणि सांगितलं, दोघं लिहा.