आईच्या तोंडावर मारलेलं पाणी

वकिलानं तांब्यात बोटं बुडवली अन् माझ्या आईच्या तोंडावर पाणी मारलं. गोमूत्राचं पाणी. आई पुठ्ठ्यावर होती, गेरू, चुना न् काजळीनं मी काढलेली. मी वाचनालयाच्या पायरीखाली उभा राहून बघून राहिलो होतो.

आम्ही लोह्याकडचे मांग. आमच्या माणसांनी देशमुखाची वेठ नाकारली, म्हणून त्याच्या गड्यांनी वस्ती पेटवली. निजामाच्या राजात फिर्याद ऐकणार कोण? पोलिसांचा अमीन देशमुखाच्याच ओसरीवर जेवायचा. आई शेळी सोडायला खोपटात गेली, ती आलीच न्हाई. उरलेले आम्ही नांदेडात आलो. मी एका उस्तादाकडं दुकानांच्या पाट्या रंगवू लागलो, अन् घरी बसून जळती वस्ती काढू लागलो. आईचा फोटो कुठला? आठवून आठवून काढलेला तेवढाच चेहरा होता.

वकील वाचनालयाचा चिटणीस. गावात सुधारक म्हणून मिरवायचा. चित्रं बघून म्हणाला, "परागंदा लोकांच्या आठवणींचं प्रदर्शन भरवू." मी हुरळलो. लई हुरळलो.

प्रदर्शनाच्या दिवशी मंडळी जमली अन् कुरकुर सुरू झाली. मांगाच्या हातची वस्तू आत कशी? मग ह्यानं तांब्या मागवला. एकेका चित्रावर शिंपडत चालला. काजळीच ती, पाणी लागल्यावर पळणारच. आईचे डोळे गालावर उतरले. नाकातली फुली गेली. तोंडाच्या जागी नुसता राडा.

"वकीलसाहेब, माझी आई हाय ती!" मी वरडलो.

तो हसला. "अरे, शुद्ध करून घेतली. आणि चेहरा गेला तर काय बिघडलं? तुमच्यातले सगळे सारखेच दिसतात."

मंडळी बी हसली.

माझ्या अंगाची आग आग झाली. चढलो पायऱ्या. धुळीच्या पायानं थेट आत. "बाटलं! बाटलं! धरा त्याला!" सगळे वरडले. पण धरायचं म्हंजे मला शिवायचं. कोण धरतंय? मी निवांत एकेक पुठ्ठा खाली उतरवला.

"खाली ठेव! ती आता वाचनालयाची आहेत," वकील म्हणाला.

"मग घ्या हिसकून." मी दोन्ही हात त्याच्या छातीपर्यंत नेले. धोतर सावरत तो भिंतीला चिकटला. हे शूर!

आईचा चेहरा मला पुन्हा जमला न्हाई. हात चालतो, पण ती येत न्हाई. देशमुखानं तिला जाळलं, ह्यानं पुसलं. दोघांत मी फरक करत न्हाई.

वाचनालयाची एक भिंत बाजाराच्या तोंडाला हाय. तिच्यावर मी वकील काढणार. जळत्या बाईपुढं तांब्या घेऊन उभा, हसणारा. गेरू न्हाई, पाट्यांचा पक्का तेलरंग. खाली त्याचं नाव, मराठीत अन् उर्दूत. पुसायचं तर त्याला भर बाजारात स्वतःचं तोंड खरवडावं लागंल. खरवडू दे. मी पुन्हा काढीन.