पट्टीवरचा पत्ता

लॉन्ड्रीच्या काउंटरमागे ताईने एकोणीस वर्षं काढली आणि त्या एकोणीस वर्षांत एकाचा शर्ट दुसऱ्याच्या अंगावर कधी गेला नाही. सगळे तिला ताईच म्हणत, तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठा असलेला मालकसुद्धा. आलेल्या प्रत्येक कपड्याच्या आतल्या शिवणीला ती कापडाची बोटभर चिठ्ठी टाचायची. चिठ्ठीवर न पुसणाऱ्या शाईने नंबर, आणि तोच नंबर गिऱ्हाइकाच्या पावतीवर. मग तो कपडा शंभर पांढऱ्या शर्टांच्या ढिगात का पडेना, संध्याकाळी ताईचा हात बरोब्बर त्याच्यावरच पडायचा. पावती नसेल तर मात्र प्रत्यक्ष देव आला तरी कपडा मिळत नसे. एकदा एक नवरदेव कोट न्यायला आला, लग्नाला तास उरलेला, आणि पावती घरी. ताईने त्याला सरळ परत पाठवलं. "कोट तुमचा असेलही, पण ते मला कसं कळायचं?" तो धावत जाऊन पावती घेऊन आला, तेव्हा त्याच्या हातात कोट-पँट देताना तिने आपलं नेहमीचं वाक्य म्हटलं, "नग दोन. मोजून घ्या, नंतर तक्रार चालत नाही."

अशी बाई नोकरी सोडते ती कुणासाठी? तर धाकट्या बहिणीसाठी. ताई आणि आई तळमजल्यावर राहायच्या, धाकटी आणि तिचा नवरा त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. धाकटीला जुळं झालं, एक मुलगी, एक मुलगा. दहाव्या दिवशी पहाटे ती दोन हातांत दोघांना घेऊन जिना उतरली. तिघंही रडत होती, आणि सगळ्यांत मोठ्याने धाकटी.

"ताई, मला नाही गं जमत. तू नसलीस तर मला वेड लागेल. मुलं तुझीच समज, मी नुसती जन्माला घातली."

रडताना माणूस वाट्टेल ते बोलतो. शहाण्या माणसाने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यावं. ताई शहाणी होतीच, पण हे वाक्य तिने पावतीसारखं जपून ठेवलं. मालक म्हणाला, "जागा धरून ठेवणार नाही हं." ताई म्हणाली, "नका ठेवू." आणि आली घरी.

मुलगी चिमुकली आणि सारखी कुठेतरी चाललेली, म्हणून ताईने तिला मुंगी म्हटलं. मुलगा एका जागी बसला की बसलाच, तो भोपळा. कागदावरची नावं कागदावरच राहिली. रोज सकाळी सातला दोघं खाली यायची आणि संध्याकाळी सातला वर जायची, तीही रडारड करून. मुंगीला भरवायचं तर चमचा आधी चिमट्याला भरवावा लागे. लॉन्ड्रीतून निघताना ताईने कपडे वाळत घालायचा एक लाकडी चिमटा आठवण म्हणून आणला होता, त्याला पेनाने डोळे काढले होते. चिमटा जेवला की मुंगी जेवायची. भोपळ्याला कुणाच्या भरवण्याची गरज नव्हती, तो चिमट्याच्या वाटचंही खायचा. दोघांनाही 'ताई' म्हणता येत नव्हतं, ती 'तातू' म्हणायची. पहिला शब्द तोच. धाकटी तेव्हा हसली होती. जरा जास्तच वेळ हसली होती, पण ताईच्या ते लक्षात आलं नाही.

मुलं अडीच वर्षांची झाली आणि एका शुक्रवारी धाकटीने जाहीर केलं, "उद्या आपण सगळे सफारी पार्कला जायचं. मुलांना सिंह दाखवू. ताई, तू काही करायचं नाहीस, डबासुद्धा मी करणार."

पाणी कुठेतरी मुरत होतं, हे खरं तर तेव्हाच कळायला हवं होतं. धाकटीने केलेला डबा? जिने आयुष्यात अंडं उकडताना पातेलं जाळलं, ती? सकाळी मेहुण्याने ताईच्या हातातली पिशवी आपण होऊन घेतली. आईने स्वतःची ठेवणीतली शाल ताईच्या खांद्यावर घातली, वर गुडघे दुखतात म्हणून एकदाही कण्हली नाही. घरच्यांनी माणसाचा इतका मान ठेवायला लागलं की त्याने जपून राहावं, बोकडालाही शेवटच्या दिवशी चारा चांगला मिळतो. ताई बिचारी खूश होती. गाडीत मागच्या सीटवर दोन पोरांच्या मधे दाटीने बसून, दोन्हीकडून लाळ पुसत, ती गाणी म्हणत गेली.

आता मेहुण्याविषयी दोन शब्द, कारण पुढचं सगळं त्याच्या स्वभावामुळे घडलं. तो जन्म-मृत्यू नोंदणीच्या कार्यालयात कारकून होता. माणूस देवभोळा नव्हता, पण फॉर्मभोळा होता. तोंडाने तो गोष्टी लपवू शकत असे, निदान बायकोने डोळे वटारले तर. पण रिकामी चौकट समोर आली की तिच्यात खरं तेच लिहायचं, हा त्याचा धर्म. स्वतःच्या मुलांच्या नोंदणीच्या कागदावर इस्पितळाने जन्मवेळ 'अंदाजे पहाट' अशी लिहिली होती. याने तो कागद परत पाठवला आणि मिनिटं लिहून घेतली, तेव्हाच त्याला झोप लागली.

पार्कच्या फाटकावर नियम होता की पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचा फॉर्म भरायचा. मग फाटकावरची मुलगी ती माहिती पिवळ्या पट्टीवर छापून मुलाच्या मनगटाला लावणार. मूल हरवलं तर सापडावं म्हणून. मेहुण्याने खिशातलं स्वतःचं पेन काढलं, दोन फॉर्म सुवाच्य अक्षरात भरले, आणि पिवळ्या पट्ट्या लागल्या. मुंगीने आपली पट्टी लगेच चावून पाहिली. भोपळ्याने मनगट पुढे धरलं ते धरलंच, जणू सत्कार चाललाय.

आत हरणं पाहिली, माकडं पाहिली. एका माकडाने भोपळ्याकडे पाहिलं, भोपळ्याने माकडाकडे, आणि दोघांनाही एकमेकांत विशेष काही वाटलं नाही. मुंगी तीन वेळा पळाली, तिन्ही वेळा ताईने धरून आणली. मग भोपळ्याने केळं खाल्लं, म्हणजे निम्मं खाल्लं आणि निम्मं अंगाला लावलं. ताई त्याला नळाशी घेऊन गेली.

हात धुताना पट्टी डोळ्यांसमोर आली आणि ताईने ती वाचली. सवयच ती. एकोणीस वर्षं चिठ्ठ्या वाचलेले डोळे, त्यांना वाच म्हणून सांगावं लागत नाही. मुलाचं नाव बरोबर. आईवडिलांची नावं बरोबर. फोन बरोबर. पत्ता मात्र भलताच. कुठल्या तरी तलावाजवळची वसाहत, चौथा मजला, आणि खाली एका शहराचं नाव, जिथे जायला आगगाडीला चौदा तास लागतात.

ताईला आधी हसू आलं. "बघ रे भोपळ्या, तुझे बाबा चुकले! आता चिडवू आपण त्यांना." तिने नळ बंद केला, शालीच्या टोकाने त्याचे हात पुसले. पुसता पुसताच तिचे हात थांबले. हा माणूस आणि फॉर्म भरताना चुकेल?

तिने मुंगीची पट्टी जाऊन पाहिली. तोच पत्ता.

मग सगळी सफारीच्या जाळीच्या बसमध्ये चढली. मुंगी तिच्या मांडीवर, भोपळा शेजारी आजीच्या मांडीवर, पुढच्या बाकावर नवराबायको. बस सिंहाच्या आवारात शिरली. एक सिंह झाडाखाली पाय ताणून झोपला होता. "म्याऊ," मुंगी त्याला म्हणाली. सगळी बस हसली.

ताईने पुढे वाकून मेहुण्याला हळूच विचारलं, "अहो, पट्टीवरचा पत्ता चुकलाय का हो?"

"नाही, ताई, बरोबर आहे," तो म्हणाला. तोंडातून गेल्यावर त्याचे कान लाल झाले. "म्हणजे... बदलीचा आदेश एक तारखेपासूनचा आहे ना. घराचा करारही. त्यामुळे कागदोपत्री पत्ता आता तोच..."

धाकटीने त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की तो 'तोच' वर थांबला. मग ती मागे वळली. रडायच्या तयारीतच होती ती.

"ताई, आज संध्याकाळी सांगणार होतो गं. म्हणून तर सगळ्यांनी मिळून आलो ना, एक दिवस छान जावा म्हणून."

"कधी निघताय?"

"पुढच्या रविवारी."

"आणि ठरलं कधी?"

धाकटी पुढे वळून बसली. मेहुण्याला प्रश्न विचारलेला नव्हता, पण उत्तराची चौकट रिकामी राहिलेली त्याला बघवेना. "दोन महिने झाले," तो म्हणाला.

ताईने मान वळवली. "आई, तुला माहीत होतं?"

आई जाळीतून बाहेर बघत होती. "सिंह बघ, सिंह," ती भोपळ्याला म्हणाली. "केवढा मोठा सिंह!"

बसच्या आत जेमतेम हातभर अंतरावर तिची थोरली लेक बसली होती, आणि म्हातारी झोपलेल्या सिंहाकडे बघत होती. ताईला धाकटीचा राग आला होता, पण आईने सिंह दाखवला तेव्हा तिचं काळीज तुटलं.

"तुला आधी सांगितलं असतं तर तू रडली असतीस," धाकटी म्हणाली. "मग मुलं रडली असती. पाळणाघरवाल्या बाईच म्हणाल्या की मुलांना सांभाळणाऱ्या माणसाची सवय हळूहळू मोडा, एकदम तोडू नका."

"कुठल्या पाळणाघरवाल्या बाई?"

आणि मग तेही बाहेर आलं. गेले दोन महिने दर शनिवारी धाकटी मुलांना 'बागेत' नेत होती. ती बाग नव्हतीच. ते चार गल्ल्या पलीकडचं पाळणाघर होतं, आणि तिथे मुंगी आणि भोपळा तातूशिवाय राहायला शिकत होती. दर शनिवारी सकाळी ताईने दोघांचे कपडे इस्त्री करून, भांग पाडून, खिशात एक एक बिस्कीट घालून त्यांना पाठवलं होतं. त्या दोन-तीन तासांत घर कसं खायला उठायचं हेही तिने मुलं परत आल्यावर धाकटीला हसत हसत सांगितलं होतं. आणि धाकटीने ते ऐकून घेतलं होतं.

"आता तुलाही जरा मोकळीक मिळेल गं," धाकटी म्हणाली. "किती दिवस अडकून राहणार तू?"

ताईने मुंगीला मांडीवर सावरून घेतलं. बोलण्यासारखं खूप होतं. लॉन्ड्रीतली जागा होती, अडीच वर्षं होती, पहाटे जिन्यात म्हटलेलं ते वाक्य होतं. पण ज्यांना आठवण करून द्यावी लागते त्यांना ती करून देऊन काय उपयोग? मांडीवर मुंगी चिमट्याच्या तोंडात बिस्किटाचा चुरा घालत होती. सिंह शेवटपर्यंत उठला नाही.

बसमधून उतरल्यावर भोपळा दमून ताईच्या खांद्यावर झोपला. मुंगीचं बोट तिने दुसऱ्या हातात धरलं. मागे आईच्या गुडघ्यांना आता दुखण्याची आठवण झाली होती, त्यामुळे नवराबायको तिला धरून हळूहळू येत होती. ताई थांबली नाही. फाटकाच्या पलीकडे रस्ता होता, रस्त्यावर बसचा थांबा होता, थांब्यावर एक बस उभी होती. ताई कधी कुणाची टाचणीसुद्धा न उचललेली बाई. पण त्या शंभर पावलांत तिच्या मनात काय आलं ते लपवण्यात अर्थ नाही. तिला वाटलं, चढावं आणि जावं.

फाटकावर तीच सकाळची मुलगी होती, हातात पट्ट्या कापायची छोटी कात्री.

"बाळं कुणाची, मावशी?"

"माझी," ताई म्हणाली.

मुलीने भोपळ्याचं मनगट हलकेच वळवून वाचलं. "आईचं नाव सांगा."

ताईने स्वतःचं नाव सांगितलं. का सांगितलं, तिलाच कळलं नाही.

"पट्टीवर हे नाव नाही, मावशी. मला नाही सोडता येणार. मुलं तुमची असतीलही, पण ते मला कसं कळायचं?"

ताई तिच्याकडे बघत राहिली. पोरगी असेल विशीतली, घाबरली होती, पण फाटकाच्या आडव्या दांडीवरचा हात तिने काढला नव्हता. नवरदेवासमोर ताईनेही हात असाच ठेवला होता, कोटाच्या हँगरवर.

"बरोबर आहे तुझं," ताई म्हणाली. "मीसुद्धा दिली नसती."

तेवढ्यात धाकटी धापा टाकत आली. फाटकावर रांग झाली होती, मागची माणसं कुरकुरत होती. मुलीने विचारलं, "मॅडम, या कोण तुमच्या?"

"अहो, त्या मुलं सांभाळतात आमची," धाकटी घाईघाईत म्हणाली. "आई मी आहे, हे बघा ओळखपत्र. कापा ना पट्ट्या लवकर."

म्हणून झाल्यावर तिला कळलं आपण काय म्हणालो. तिने ताईकडे पाहिलं आणि तिच्या हातातलं ओळखपत्र तसंच राहिलं. मुलीने कात्रीने दोन पट्ट्या कापल्या आणि शेजारच्या डब्यात टाकल्या.

ताईने झोपलेला भोपळा खांद्यावरून उतरवला, त्याची मान सांभाळत धाकटीच्या हातात दिला. मुंगीचं बोट धाकटीच्या दुसऱ्या हातात दिलं. चिमटा मुंगीच्या मुठीत नीट आहे ना, ते पाहिलं. मग मागे झाली आणि एकोणीस वर्षं गिऱ्हाइकांशी बोलली त्याच आवाजात म्हणाली, "नग दोन. मोजून घ्या, नंतर तक्रार चालत नाही."

धाकटीला ती आयुष्यात पहिल्यांदा 'घ्या' म्हणाली होती.