बिनव्हिसाची आई

मुलगा आणि सून न्यूझीलंडचे नागरिक झाले, त्यानंतर थोड्याच दिवसांत माझाही अर्ज मंजूर झाला. पण माझ्या शपथविधीची तारीख आली नेमकी पितृपक्षात. "आई, बाबांच्या पंधरवड्यात परक्या देशाची शपथ कुठे घेतेस? पुढची तारीख मागून घेऊ," मुलगा म्हणाला. ज्याने वडिलांच्या श्राद्धाला कधी रजा घेतली नाही, त्याला अचानक पितर आठवले. आणि मी मूर्ख, मला गहिवरून आलं.

पुढची तारीख यायच्या आत त्याला सिडनीत नोकरी लागली. न्यूझीलंडच्या पासपोर्टवाल्यांना ऑस्ट्रेलियात राहायला आधी व्हिसा काढावा लागत नाही. विमानात बसायचं आणि उतरायचं. ती दोघं बसली आणि उतरली. माझा पासपोर्ट भारताचा, म्हणून मी ऑकलंडला एकटी राहिले आणि तीन महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर त्यांच्या सिडनीतल्या, स्कोफिल्ड्स उपनगरातल्या नव्या घरी पाहुणी म्हणून गेले.

तिथे एका शनिवारी त्याचा मित्र आला, तोही ऑकलंडहून नुकताच आलेला. मुलाने त्याची शिकवणीच घेतली. "आधी बँकेत खातं उघड, मग टॅक्स नंबर, मग दवाखान्यासाठी मेडिकेअरचं कार्ड. लायसन्स बदलून घे. आणि रेंटलसाठी जुन्या घरमालकाचा रेफरन्स आण, नाहीतर इथे कुत्रं विचारत नाही."

"आणि काकूंचं काय?" मित्राने विचारलं.

"आईचा व्हिसा तीनच महिन्यांचा असतो रे. नो वरीज."

सून खुदकन हसली. मी शेजारीच ओट्यापाशी कांदाभजी तळत होते. ती कढई उचलून त्याच्या मांडीवर उपडी करावी असं मला मनापासून वाटलं. केली नाही, कारण भजी छान झाली होती.

व्हिसा संपला तशी ऑकलंडला परतले. नवी तारीख मिळाली, ती कुणालाही कळवली नाही. ठेवणीतली पैठणी नेसून शपथ घेतली. भारताचा पासपोर्ट परत करताना मात्र ढसाढसा रडले. मुलाच्या घरात राहता यावं म्हणून मी माझा देश सोडत होते, आणि त्या मुलाला मी नको होते, हे मला पक्कं माहीत होतं. तरी सोडला. हट्ट म्हणा, सूड म्हणा.

न्यूझीलंडचा नवा काळा पासपोर्ट हातात आला आणि मी तिकीट काढलं.

सुनेने दार उघडलं. "अय्या, आई! या वेळी किती दिवस?"

"कायमची," मी म्हटलं आणि बॅग आत ओढली.

मुलाने माझा पासपोर्ट पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळला. व्हिसा शोधत होता बिचारा. त्याचं तोंड पाहून मला जो आनंद झाला, तसा त्याच्या बारशालाही झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी त्याच्याच शिकवणीप्रमाणे बँकेत जाऊन खातं उघडलं. पत्ता त्याच्या घराचा दिला.

तोही माझाच मुलगा. थोड्याच दिवसांत त्याने सिडनीतच, गिरावीन नावाच्या उपनगरात एका पंजाबी बाईंच्या घरामागची खोली शोधली आणि मला गाडीत घालून तिथे नेलं. वाटेत गोड गोड बोलत होता. "देऊळ जवळ आहे, इंडियन दुकानं जवळ आहेत. तुझ्या वयाच्या किती बायका आहेत इथे! तुला इंडिपेंडंट राहता येईल."

बाईंनी चहा केला. "बेटा बहुत अच्छा है आपका, सब खुद देख रहा है," त्या म्हणाल्या. तो खिडकी नीट लागते का ते तपासत होता. मी मान हलवली.

निघताना त्याने माझी बॅग कॉटखाली सरकवली, बसचं कार्ड हातात दिलं, वाकून नमस्कारही केला. दारातून म्हणाला, "आणि आई, घरी यायचं असलं तर आधी फोन करत जा हं. असंच येऊ नकोस."

"किती दिवस आधी?" मी विचारलं.

मला वाटलं, शरमेल. तो विचार करायला लागला.